मेऱ्याला मीही गेले

हिंगोली स्टेशनवर भाऊ मला घ्यायला आला, तेव्हा त्यानं आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि मग सामानाकडे. मला त्याचं काही वाटलं नाही. कोविडच्या आधीपासून मी घरी आले नव्हते. इतक्या वर्षांनी भेटल्यावर माणूस कुठेही बघतो. जीप सेनगाव मागे टाकून गोरेगावच्या रस्त्याला लागली तेव्हा मात्र तो समोर बघतच म्हणाला, "बाई, एक काम कर. घरी गेल्या गेल्या याडीकडून काळी पोत घे आन गळ्यात घाल."

"काहून?"

"घाल म्हणलं तर घाल. याडी सांगील."

याडी म्हणजे आई. आमचा तांडा गोरेगावच्या अलीकडे, माळाच्या उतारावर आहे. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली बोलतो, पण ती सगळ्यांना कळायची नाही, म्हणून इथे सगळ्यांचं बोलणं मी गोरेगावच्या बाजारात चालतं त्या मराठीत लिहिते आहे. नर्सिंग शिकलेली मी आमच्या तांड्यातली पहिली मुलगी. नांदेडला शिकले, मुंबईला नोकरी केली आणि मग आयर्लंडला गेले. तिथल्या एका लहान गावात, दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात काम करते. लग्न केलं नाही. का केलं नाही याला काही मोठी गोष्ट नाही. आधी शिकायचं होतं. मग बाप गेला. मग घर बांधायचं होतं, भावाच्या रानात विहीर पाडायची होती. आणि हे सगळं उरकल्यावर एक दिवस लक्षात आलं, की मला एकटीला चांगलं जमतंय, बरं वाटतंय. तोवर चाळिशी ओलांडली होती. याडीला मी हे फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. ती "बरं" म्हणाली होती. ते "बरं" मी खरं मानलं.

नवं घर मी फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. स्लॅबचं, तीन खोल्यांचं, बाहेरून निळा रंग. उतरल्या उतरल्या मी भिंतीवर हात ठेवून उभी राहिले. किती वेळ उभी होते कोण जाणे, तेवढ्यात शेजारची काकी आली. तांड्यात अजून रोज आरशांचा घागरा घालणाऱ्या दोन-तीनच म्हाताऱ्या उरल्यात, त्यातली ही एक. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "जावयानं लय बराबर घर बांधून दिलं गं बाई. असा जावई भेटायला नशीब लागते. आले न्हाईत का ते?"

मी याडीकडे बघितलं. याडी माझी बॅग उचलत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांना सुट्टी न्हाई भेटली. डॉक्टरला कुठं सुट्टी असते."

काकी गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. याडी चुलीवरच्या कढईत शेव पाडत होती. घरात गॅस आहे, पण दिवाळीचं ती चुलीवरच करते.

"कोण डॉक्टर?" मी विचारलं.

"हळू बोल."

"याडी, कोण डॉक्टर?"

तिनं शेव पाडणं थांबवलं नाही. एकेक घाणा काढत तिनं सगळं सांगितलं. लॉकडाऊनमध्ये सगळे घरी बसले होते, कुणालाच दुसरा उद्योग नव्हता. हापशावर गेलं की रोज तेच. पोरीचं काय झालं? पोरगी किती दिवस अशीच ठेवणार? एक दिवस याडीला इतका ताव आला, की ती म्हणाली, झालं तिचं लग्न, तिकडंच झालं, लॉकडाऊनमधी कुणाला बोलावता येते? बाया गप झाल्या. दुसऱ्या दिवशी विचारू लागल्या, कुठला हाय, काय करते. मग त्याला गाव द्यावं लागलं. पुसदकडचा, आपल्यातलाच. नोकरी द्यावी लागली. डॉक्टर.

आणि मग तो माणूस वाढत गेला. त्यानं घर बांधलं. त्यानं विहीर पाडली. त्यानं मिक्सर पाठवला. याडीच्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला झालं तेही त्यानंच लावून दिलं. त्या ऑपरेशनसाठी मी वॉर्डातली पाळी संपवून, गाडीत बसून, हातमोज्यांतली बोटं चोळत नांदेडच्या दवाखान्याशी बोलले होते. ते बोलणंही आता त्याच्या नावावर होतं.

लग्न झालं असं सांगितलं याचा मला फारसा राग आला नाही. हापशावरच्या बाया मलाही माहीत आहेत. पण मी थंडीत रात्रपाळ्या करून उभ्या केलेल्या भिंती तिनं एका नसलेल्या माणसाला देऊन टाकल्या, हे माझ्या डोक्यात गेलं.

"हे घर कुणी बांधलं?" मी विचारलं.

"तू."

"मग काकीला तसं सांगता येत नव्हतं?"

याडीनं झारा कढईच्या काठावर आपटला. "तुझं नाव सांगितलं तर म्हणत्यात, पोरीच्या जिवावर खाऊन राहिले, म्हणून तिचं लग्न करून देईनात. जावयाचं सांगितलं तर म्हणत्यात, नशीब काढलं. आता तू सांग, मी काय सांगू? तू तिकडं राहतीस. हापशावर मी जाते."

तिचं म्हणणं मला कळलं. पण म्हणून मी पोत घालणार नव्हते. ती काळी पोत तिनं माझ्या हातात ठेवली, आणि मी ती देवळीत ठेवून दिली.

रात्री जेवताना भावानं विषय काढला. त्याच्या मुलीची सोयरीक चालू होती. दिवाळी झाली की सेनगावकडचे पाहुणे घर बघायला येणार होते. आत्या चाळिशीची होऊन बिनलग्नाची आहे हे त्यांना कळलं तर ते काय म्हणतील, ही त्याला धास्ती.

"पाहुणे येऊन जाऊ दे," तो म्हणाला. "मग तू गेली की आमी सांगू बराबर."

"काय सांगाल?"

त्यानं घास हातातच ठेवून विचार केला. "सोडचिठ्ठी झाली म्हणू."

मला हसू फुटलं. "दादा, माझं लग्न तुमी मला न विचारता लावलं. आता मोडणार ते पण न विचारता?"

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. भाऊ हसला नाही.

भाची हिंगोलीला कॉलेजात शिकते. ती माझ्याजवळ झोपायला आली आणि म्हणाली, "आत्या, फुफांचा फोटो दाखव ना."

"फुफा न्हाईत."

"म्हणजे... वारले?"

"म्हणजे कधी नव्हतेच."

तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग नाराज होऊन म्हणाली, "मी कॉलेजात सगळ्यांना सांगितलं, माझे फुफा फॉरेनला डॉक्टर हायेत म्हणून."

"आता सांग, आत्या नर्स हाय."

"ते तर आधीच सांगितलंय."

मी तिला विचारलं, पोरगं पसंत आहे का. ती म्हणाली, आहे. शिकू देतो म्हणालाय. मग मी विचारलं, माझ्यामुळे मोडलं तर?

"तर मी रडंन," ती म्हणाली. "तुझ्यावर चिडंन पण. थोडी." आणि कूस बदलून झोपली.

मी पोत न घालता तांडाभर फिरले. मला वाटलं होतं, मोकळा गळा बघून लोक विचारतील आणि मी खरं सांगेन. पण कुणी विचारलंच नाही. लोकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं, की तिकडं पोत घालायची पद्धत नाही. एकानं तर मुतखड्याचे रिपोर्ट आणून माझ्यापुढे धरले, "साहेबांना मोबाईलवर पाठवता का?" मी म्हटलं, "साहेब कुणी न्हाई, मला दाखवा." तो म्हणाला, "व्हय व्हय, पण साहेबांना बी पाठवा." साधं खरं बोलून तो डॉक्टर मरत नव्हता. याडीनं त्याला चांगला घट्ट उभा केला होता.

मग अमावास्या आली. आमच्या तांड्यात त्या संध्याकाळी कुवाऱ्या पोरी हातात दिवा घेऊन मेऱ्याला निघतात. आधी तांड्याच्या मुख्याच्या, म्हणजे नायकाच्या घरी, मग एकेक करत सगळ्या घरी. दारात उभं राहून घरातल्या प्रत्येकाला मेरा म्हणायचा, म्हणजे दिवाळीचं शुभ चिंतायचं: याडीला मेरा, बापाला मेरा, भावाला मेरा. घरचे पोरींना ओवाळणी देतात. लग्न झालेल्या बाईनं यात जायचं नसतं. म्हणून ज्या पोरीचं लग्न ठरलेलं असतं ती त्या वर्षी दारोदार रडते. तिचा तो शेवटचा मेरा असतो. मी शिकायला बाहेर पडले त्या वर्षीपासून मेऱ्याला गेले नव्हते. माझा शेवटचा असा कधी झालाच नव्हता.

भाची घागरा घालून अंगणात पणती लावत होती. बाकीच्या पोरी वाटेवर येऊन थांबल्या होत्या. मी साडीवर शाल घेतली आणि तिला म्हटलं, "मला पण एक पणती दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला उलगडलं, आणि तिनं पटकन दाराकडे पाहिलं. आत याडी पूर्वजांच्या नावानं चुलीत तूप-लापशी टाकून झाल्यावर भांडी आवरत होती.

"आत्या, बाबा ओरडतील."

"मला ओरडतील. तुला काहून?"

तिनं दुसरी पणती लावली आणि माझ्या हातात दिली. पोरी आधी खिदळल्या. मग मी खरंच त्यांच्यात चालू लागल्यावर गप झाल्या.

नायक ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. आता फार थकलाय, जाड चष्मा लावतो. पोरींनी मेरा म्हटला. त्यानं मान हलवली, आणि मग चष्मा वर करून विचारलं, "ही मागं उंच कोण हाय?"

"माझी आत्या," भाची म्हणाली.

"तिचं काय काम? लग्न झालेल्या बाईनं यायचं नसते."

आजूबाजूच्या ओट्यांवरचे लोक बघू लागले. पणतीला हाताचा आडोसा धरून मी पुढे झाले.

"माझं लग्न झालं न्हाई, नायकबा."

"तुझी याडी तर म्हणती डॉक्टर हाय."

"मी नर्स हाय. डॉक्टर कुणी न्हाई, कधी नव्हता. घर मी बांधलं. विहीर मी पाडली. कुवाऱ्या पोरीनं मेऱ्याला जायचं हा आपला रिवाज. मी कुवारी हाय. रिवाजात वयाचं काही सांगितलं असंल तर सांगा, मी दिवा इथंच ठेवते."

खालच्या गल्लीत कुणाच्या तरी पोरानं फटाका लावला. नायकानं शेजारी बसलेल्या कारभाऱ्याला विचारलं, "वयाचं काही हाय का?"

कारभारी डोकं खाजवत म्हणाला, "तसा कधी सवालच न्हाई आला."

"मग काय," नायक माझ्याकडे वळला. "म्हण."

मी मेरा म्हणू लागले आणि मधेच शब्द विसरले. पोरींनी पुढचं उचललं. त्यानं सगळ्यांना दिली तशी मलाही ओवाळणी दिली आणि म्हणाला, "घर चांगलं बांधलं."

मला तेवढंच हवं होतं, असं आत्ता लिहिताना वाटतं. पण तेव्हा मी थांबले नाही. एका घरात माफी मिळाल्यासारखं परत फिरायचं नव्हतं. पोरींबरोबर मी एकेक दार घेतलं. काही घरी बाया हसल्या. एका घरी आतून आवाज आला, "केस पिकले आन पोरींत मिरवून राहिली." मी दारातूनच त्या बाईच्या नावानं मेरा म्हटला, चांगल्या मोठ्या आवाजात, आणि ती बाहेर येईपर्यंत हलले नाही. दारात आलेला मेऱ्याचा दिवा परत पाठवत नाहीत. तिला यावं लागलं.

जड गेलं ते काकीचं घर. बातमी आमच्या आधी तिथे पोचली होती. ती उंबऱ्यावर बसली होती. रागावली नव्हती, तोंड उतरलं होतं.

"तुझ्या याडीनं मला फसवलं," ती म्हणाली. "मी त्याच्या नावानं नवस बोलले व्हते. तुला लेकरू व्हावं म्हणून. दर अमावास्येला त्याच्या नावानं दिवा लावते मी."

मी तिच्या पायांशी वाकले आणि म्हटलं, "काकी, तुमचा दिवा मलाच पोचला असंल. तिकडं बर्फात गाडी घसरती, अजून काही झालं न्हाई मला." तिचं तोंड उतरलेलंच होतं. पण तिनं ओवाळणी दिली.

आमचं घर ओळीत बरंच मागे येतं. तिथे पोचलो तेव्हा भाऊ आत निघून गेला होता आणि दार उघडं होतं. याडी उंबऱ्यात उभी होती. पोरींनी सुरुवात केली, मी त्यांच्यात आवाज मिसळला. याडीला मेरा म्हणताना मी तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, दिव्याकडे बघत होती. म्हणून झाल्यावर ती आत गेली. मला वाटलं, आता दार लावते. ती तेलाची बरणी घेऊन बाहेर आली.

"तेल सरत आलं," ती म्हणाली आणि माझ्या पणतीत तेल ओतलं. निम्मं माझ्या बोटांवर सांडलं. "जा. अजून घरं राह्यली."

भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. समोर बसलेली असताना वहिनीला सांगायचा, "तिला म्हणावं, चहा झाला." दुसऱ्या दिवशी सकाळी पोरी गोवर्धनाच्या पूजेला फुलं आणायला रानात निघाल्या, तेव्हाही मी गेले. कुणी काही म्हणालं नाही. उलट एकीनं मला टोपली दिली आणि काटेरी कुंपणाकडची फुलं माझ्या वाट्याला लावली, उंच आहे म्हणून.

पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं बसल्या बसल्या विचारलं, "या घरात पोरी लग्न करत न्हाईत असं ऐकलं." भाऊ चहाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबला.

"मी केलं न्हाई," मी म्हटलं. "ही करणार हाय. दोघींवर कुणी जबरदस्ती केली न्हाई."

म्हातारा उठला आणि बाहेर जाऊन बसला. चहासुद्धा घेतला नाही. पोराची आई मात्र माझ्याकडे सरकली. "तुमी नर्स ना? माझ्या सासूचे पाय लय सुजून राहिले. गोळी तर चालू हाय." मी गोळीचं नाव विचारलं, मीठ किती खातात ते विचारलं, रक्तदाब कुठे तपासता ते विचारलं. आमचं बोलणं इतकं लांबलं, की शेवटी पोराच्या बापानंच सोयरिकीच्या बोलण्याची आठवण करून दिली. होकार लगेच दिला नाही त्यांनी. मी परतल्यावर काही आठवड्यांनी दिला, आणि शिक्षण पुरं होऊ देण्याचं कबूल केलं. पण भाऊ त्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसला आणि सरळ मला म्हणाला, "विहिरीवर येतीस का? मोटर दाखवतो." मी गेले. तूर फुलली होती. त्यानं मोटर चालू केली आणि आम्ही पाणी बघत उभे राहिलो.

याडी माझ्याशी नीट बोलत होती, पण त्या विषयाला हात लावत नव्हती. मी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी गोरेगावला बाजाराला गेलो. भाजीच्या ओळीत दुसऱ्या तांड्यातली एक बाई भेटली. तिला आमच्याकडचं काही माहीत नव्हतं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि याडीला विचारलं, "जावई न्हाई आले का?"

मी तोंड उघडणार होते. याडीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"जावई न्हाई," ती म्हणाली. "तिनं लग्न केलं न्हाई. तुला कोबी घ्यायचा का? त्या पलीकडच्याकडं घे, हा सडका देते."

ती बाई कोबीकडे बघायचं सोडून आमच्याकडेच बघत राहिली. आम्ही पुढे गेलो.

जीपमध्ये बसल्यावर मी विचारलं, "याडी, काहून सांगितलं?"

"कंटाळा आला," ती म्हणाली. "कुणाला काय सांगितलं ते ध्यानात ठेवायचा. एकीला पुसदचा सांगितला, एकीला दिग्रसचा. ती एक तर मला विचारून राहिली, दोन जावई हायेत का."

मी हसू लागले. ती हसली नाही, पण पिशवीतून पेरू काढून मला दिला. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर निघणार नव्हता. समोरच्या सीटवर एक अनोळखी म्हातारी बसली होती. याडी थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं न विचारताच तिला सांगायला सुरुवात केली. "ही माझी लेक. आयर्लंडला असते. मोठी डॉक्टरीन हाय तिकडं."

"नर्स, याडी."

"व्हय, नर्स," ती माझ्यावर वैतागून म्हणाली, आणि म्हातारीकडे वळून घराच्या स्लॅबचं सांगू लागली.